ध्वनिमुद्रण आणि कलाकृतीची अखंडता : गीतरामायण व गोंधळ यांच्या संदर्भात

१

ध्वनिमुद्रणाचे साधन बदलले की ऐकण्याविषयीची चर्चा नव्याने सुरू होते. सध्या ही चर्चा जुनी तबकडी आणि डिजिटल ध्वनी या दोन टोकांमध्ये चालली आहे. तबकडीच्या बाजूने सामान्यतः दोन मुद्दे मांडले जातात. पहिला मुद्दा नादगुणाचा आहे. तबकडीच्या खाचेत ध्वनिलहरीचा सलग आलेख कोरलेला असतो, तर डिजिटल मुद्रणात त्या लहरीचे ठरावीक अंतराने घेतलेले नमुने असतात; म्हणून एक नाद उबदार आणि दुसरा कोरडा, असे म्हटले जाते. दुसरा मुद्दा ऐकण्याच्या वृत्तीचा आहे. तबकडी लावून बसलेला श्रोता एक पूर्ण बाजू किंवा एक पूर्ण संच ओळीने ऐकतो. मोबाईलवर ऐकणारा श्रोता मात्र एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर उड्या मारतो. २०२२ साली अमेरिकेत कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा विनाईल तबकड्या अधिक संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. या घटनेकडे पुष्कळांनी अखंड श्रवणाच्या पुनरागमनाची खूण म्हणून पाहिले.

पहिला मुद्दा येथे फार वेळ विचारात घेण्याचे कारण नाही. कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात आणि मानवी कानाला ऐकू येणाऱ्या स्वरकंपनांच्या मर्यादेपर्यंतचा नाद त्यांतून पुन्हा उभा करता येतो. तबकडीची ऊब ही बव्हंशी तिच्या मर्यादांची, सुईच्या खरखरीची आणि कानाला लागलेल्या सवयीची ऊब आहे. ती प्रिय असू शकते. परंतु प्रियता आणि श्रेष्ठता या भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा मात्र समीक्षेच्या कक्षेत येतो. कलाकृती एक असणे म्हणजे काय, तिचे घटक कोणत्या क्रमाने यावेत हे कोण ठरवितो, आणि तो क्रम मोडल्याने अर्थाची कोणती हानी होते, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा जो विचार केला, त्याच्या मुळाशी घटकांचे परस्परसंबंध हीच गोष्ट आहे. घटक तेच राहिले आणि संबंध बदलले, तर कलाकृती बदलते. प्रश्न एवढाच की हे संबंध राखण्याचे काम साधन करते की आणखी कोणी?

२

तबकडीला अखंडतेची रक्षणकर्ती मानणारे तिचा निम्माच इतिहास विचारात घेतात. ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्गने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे एवढाच अवकाश गायकाला मिळत होता. तासभर चालणारा ख्याल त्या अवकाशात बसविताना आलाप आखडला, विलंबित लय गेली आणि द्रुत चीज उरली. अब्दुल करीम खाँसारख्या गायकांनी त्या तीन मिनिटांतही एक आटोपशीर घाट सिद्ध केला, हे त्यांच्या प्रतिभेचे यश होय. परंतु मूळ मैफलीचा तो तुकडाच होता. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातील तबकडीवरून अंतराळात गेली, तीदेखील अशाच अल्प अवकाशातील होती. सारांश, संगीताचे तुकडे पाडण्याचा पहिला उद्योग तबकडीनेच केला.

१९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी, म्हणजेच एल. पी., बाजारात आणली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, आणि एका बाजूस एक राग सावकाश मांडणे शक्य झाले. किशोरी आमोणकरांच्या एका प्रसिद्ध एल. पी.ची एक बाजू भूपाने आणि दुसरी बागेश्रीने भरलेली आहे. त्या तबकडीच्या श्रोत्यांच्या मनात हे दोन राग एकमेकांचे शेजारी होऊन बसले. थिओडोर अडोर्नोने १९३८ साली श्रवणाच्या अधोगतीविषयी कठोर शब्दांत लिहिले होते. त्यानेच १९६९ साली ऑपेरा आणि एल. पी. यांवर लिहिताना मात्र तबकडीचे स्वागत केले. रंगभूमीवरील बाह्य डामडौल दूर सारून संगीतरचनेवर अवधान एकवटण्याची संधी त्याला एल. पी.त दिसली. तबकडीची जी प्रतिष्ठा आज सांगितली जाते ती वस्तुतः एल. पी.च्या या दोन-तीन दशकांची आहे.

आणि त्या दशकांतही ती सर्वांची नव्हती. मराठवाड्यातील गावकऱ्याच्या कानावर तबकडी आली ती लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेत, भाड्याने आणलेल्या कर्ण्यातून. कोणते गाणे लागावे हे ठरविणारा दुसराच असे, आणि ऐकणाऱ्याला ना बाजू माहीत असे ना संच. घरात आलेले पहिले साधन रेडिओ आणि त्यानंतरचे ध्वनिफीत, म्हणजेच कॅसेट. तुळजापुरात देवळाच्या वाटेवरील दुकानांतून हळदीकुंकू, बांगड्या आणि कवड्यांच्या माळा यांच्या जोडीला देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी विकल्या जात. उत्तर भारतातील कॅसेटव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या पीटर मॅन्युएलने १९९३ साली दाखवून दिले की, मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक संगीताला बाजार मिळवून देण्याचे काम या स्वस्त साधनाने केले. मराठवाड्यातील आराधी गीतांच्या बाबतीतही हे विधान लागू पडते.

क्रमाच्या दृष्टीने कॅसेटचा स्वभाव लक्षणीय होता. तबकडीवरील सुई उचलून हव्या त्या गाण्यावर ठेवता येते. कॅसेटमध्ये पुढचे गाणे गाठावयाचे तर फीत अंदाजाने पळवावी लागे. चुकल्यास परत फिरवावी लागे. या कटकटीपेक्षा ओळीने ऐकणेच सोयीचे ठरे. म्हणजे ज्या साधनाचे आज कोणी गुणगान करीत नाही, त्यानेच सर्वाधिक श्रोत्यांना क्रमाने ऐकावयास लावले. तबकडी विरुद्ध डिजिटल अशी वादाची मांडणी केली की हा मधला, आणि या प्रदेशापुरता सर्वांत महत्त्वाचा, टप्पा गळून पडतो.

३

क्रमामुळे अर्थ कसा घडतो याचे मराठीतील सर्वांत सुस्पष्ट उदाहरण म्हणजे गीतरामायण. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेली ही छप्पन्न गीते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, प्रसृत झाली. येथे अखंडता एका बैठकीची नाही; ती वर्षभर पसरलेली आहे. दोन गीतांमध्ये आठवडा जात होता, तरी श्रोत्याच्या मनात सूत्र तुटत नव्हते. सलग ऐकणे आणि क्रमाने ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गीतरामायणाने सिद्ध केले.

या रचनेत बहुतेक गीते कोणा ना कोणा पात्राच्या तोंडची आहेत. वक्ता कोण, तो कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे श्रोत्याला क्रमावरून उमगते. वनात भेटावयास आलेल्या भरताची समजूत घालणारे रामाचे गीत या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. हे गीत मालिकेतून सुटे होऊन महाराष्ट्रभर पसरले. शोकसभेत, सांत्वनाच्या प्रसंगी ते लावले जाते आणि मनुष्याच्या असहायतेविषयीचे सर्वसाधारण तत्त्वज्ञान म्हणून ऐकले जाते. क्रमात ऐकले असता मात्र त्याचा भाव निराळा होतो. वडिलांचा मृत्यू नुकताच कळलेला आहे, आईला दोष देणारा धाकटा भाऊ समोर उभा आहे, आणि राज्य परत घेण्याचा आग्रह मोडून काढावयाचा आहे. रामाचे दैवविषयक बोलणे ही येथे एक युक्तिवादाची खेळी आहे : कैकेयीवरील दोष दूर करणे आणि भरताला परत पाठविणे हे तिचे हेतू. सुट्या गीतात नियतिवाद उरतो. क्रमात ऐकले की त्या नियतिवादाआडचा निर्धार ऐकू येतो.

याहून सूक्ष्म रचना आरंभ आणि शेवट यांच्या नात्यात आहे. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामायण गात आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना रामायण गाण्याची आज्ञा देत आहेत. म्हणजे घटनाक्रमात शेवटचे गीत पहिल्याच्या आधीचे आहे. छप्पन्नावे गीत संपते तेथून पहिले सुरू होऊ शकते आणि वर्तुळ पुरे होते. हे वर्तुळ कोणत्याही एका गीतात नाही. ते दोन गीतांमधील अंतरात आहे, आणि ते अंतर चालून आलेल्यालाच दिसते. गाण्यांची सरमिसळ करणाऱ्या यंत्राला छप्पन्न गीते मिळतील. सत्तावन्नावी गोष्ट, म्हणजे रचना, मिळणार नाही.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक कलाप्रकार अशा रचनेचा असतो असे नाही. जात्यावरील ओवी घेतली तर ती स्वभावतःच सुटी आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या संग्रहप्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांना ठरलेला आरंभ नाही, ठरलेला शेवट नाही. दळण संपले की ओवी थांबते. संगीत नाटकाचा प्रेक्षकही ‘वन्स मोअर’ देऊन नाटकाचा ओघ स्वतःच थांबवीत असे, आणि तोही एका रसिकतेचाच भाग होता. तुकड्याने ऐकणे ही यंत्रयुगाची विकृती आहे असे सरसकट म्हणणे म्हणूनच टिकत नाही. प्रश्न प्रत्येक प्रकाराच्या अंगभूत मागणीचा आहे. ओवीचा तुकडा पूर्ण असतो. आख्यानाचा तुकडा अपुरा असतो. हा भेद विसरणारे साधन, मग ते तबकडी असो की मोबाईल, सर्व प्रकारांना ओवीच्या मापाने मोजते, पण तेही ओवीचा श्रम वगळून.

४

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाची खरी कसोटी गोंधळात लागते. तुळजाभवानीच्या उपासनेशी जोडलेल्या या विधिनाट्याचा अभ्यास रा. चिं. ढेरे यांच्यापासून अनेकांनी केला आहे. विवाहादी मंगलकार्यानंतर यजमानाच्या घरी गोंधळ घातला जातो. चौक भरून घटाची स्थापना होते, दिवटी प्रज्वलित होते, संबळ आणि तुणतुणे यांच्या साथीने देवतांना आवाहन केले जाते. त्यानंतर स्तवन, मग आख्यान, आणि शेवटी आरती. पारंपरिक रूपात हा विधी रात्रभर चालतो.

ही अखंडता कोणत्या स्वरूपाची आहे? ती अवधानाची अखंडता खचित नव्हे. गोंधळ ऐकणारी मुले झोपी जातात, बायका मधेच उठून चुलीकडे जातात, म्हातारी माणसे डुलक्या घेतात. नायक आख्यान लांबवितो, आखडतो. साथीदार प्रश्न विचारून, विनोद करून त्याला आडवाटेला नेतो. एल. पी.समोर दिवा मंद करून बसलेल्या नागर रसिकाच्या एकाग्रतेचा येथे मागमूस नाही. तरीही गोंधळ एक आहे. कारण आवाहनाआधी आख्यान येऊ शकत नाही, आरती झाल्यावर स्तवनाकडे परत जाता येत नाही. झोपी गेलेल्यालाही जाग येते ती रात्रीच्या पुढच्या प्रहरात. रात्र पुढेच जाते, आणि श्रोता ती मागे-पुढे करू शकत नाही. अखंड श्रवणाचे मर्म न ढळणाऱ्या लक्षात नसून निवडीचा हक्क काही काळ सोडून देण्यात आहे, हे गोंधळावरून ध्यानात येते.

हा हक्क सोडल्याने काय मिळते हे जांभूळ आख्यानासारख्या आख्यानावरून पाहता येईल. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उपजलेली अभिलाषा आणि जांभळाच्या निमित्ताने तिला द्यावी लागणारी कबुली हा त्याचा गाभा आहे. पतिव्रतेच्या आदर्शाला धक्का देणारी ही गोष्ट कुलाचाराच्या मंगल प्रसंगी, सासू-सुनांच्या देखत सांगितली जाते. ती पेलते कशी? आधी देवता येऊन बसलेल्या असतात, हसण्याने मने सैल झालेली असतात आणि रात्र बरीच उलटलेली असते. साथीदाराच्या थट्टेतून जे बोलणे आडून सूचित झाले, तेच पुढे गांभीर्याने उच्चारले जाते. विनोद ही येथे मधली विश्रांती नाही. कबुलीसाठी केलेली जमिनीची मशागत आहे. या आख्यानातील एखादे गाणे कापून घेतले तर चाल राहते, ठेका राहतो. कबुलीचे धाडस मात्र नाहीसे होते.

ध्वनिमुद्रणाने नेमके हेच केले. तबकडी, कॅसेट आणि पुढे मोबाईल यांवर गोंधळातील ‘गाणी’ आली. संवाद, प्रश्नोत्तरे आणि लांबण गळाली. तथापि सर्व दोष यंत्राच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकगीतांचे छापील संग्रह पाहिले तर पद्य तेवढे टिपून गद्य वगळण्याची प्रवृत्ती त्यांतही आढळते. गेय ते साहित्य आणि बोललेले ते भरताड, हा निकष अभ्यासकांनीच रूढ केला. ध्वनिमुद्रकाने कात्री चालविली ती अभ्यासकाने आधीच आखून ठेवलेल्या रेषेवर.

आणखी एक गोष्ट कोणत्याच मुद्रणात येत नाही. आवाहनात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची लक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा यांना बोलाविताना यजमानाच्या कुलदैवताचे आणि गावच्या दैवतांचे नावही गोवले जाते. येरमाळ्याच्या परिसरात ते येडाईचे असेल, अन्यत्र आणखी कोणाचे. त्या क्षणी संहितेतील एक मोकळी जागा भरली जाते आणि हा गोंधळ या घरचा होतो. मुद्रित आवाहनातील यादी एकदाच गोठलेली असते. ते ऐकणारा आवाहन ऐकतो खरे, पण त्याच्या घरी कोणी बोलावलेले नसते. वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे स्थलकालबद्ध तेज लोपते असे म्हटले. गोंधळाच्या बाबतीत हे विधान अगदी शब्दशः खरे ठरते : लोपते ते ठिकाणाचे नाव.

५

आता साधनांच्या क्षमतेचा हिशेब मांडून पाहावा. आठ तासांचा गोंधळ म्हणजे ४८० मिनिटे. तीन मिनिटांच्या बाजूंच्या हिशेबाने लाखेच्या ८० तबकड्या, एल. पी. घेतल्या तर सुमारे ११. साठ मिनिटांच्या कॅसेटी घेतल्या तर ८. सामान्य दर्जाच्या एम. पी. थ्री रूपात मात्र ही संपूर्ण रात्र अर्ध्या गिगाबाईटहून कमी जागेत, खिशातील मोबाईलच्या एका कोपऱ्यात मावते. निष्कर्ष विरोधाभासात्मक आहे. ज्या साधनावर तुकडेबाजीचा आरोप आहे, तेच गोंधळ न तोडता सामावून घेणारे इतिहासातील पहिले सहजसाध्य साधन आहे. तबकडीला जे हवे असूनही करता आले नसते, ते मोबाईलला करता येते, आणि तरीही ते होत नाही. संबळाचा ठेका घेतलेले दोन मिनिटांचे मिश्रण वरातीत वाजते. रात्र कोणी मुद्रित करीत नाही.

याचा अर्थ अखंडता ही साधनाची देणगी नव्हे. ती रचना आणि श्रोता यांच्यातील एक संकेत आहे : रचनेने क्रमाला अर्थ द्यावयाचा आणि श्रोत्याने त्या क्रमाला आपला वेळ द्यावयाचा. एल. पी.ने आणि कॅसेटने हा संकेत पाळावयास लावला तो आपल्या गैरसोयीच्या बळावर. गैरसोय गेली आणि संकेत उघडा पडला. २०२१ साली अ‍ॅडेल या ब्रिटिश गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर गाणी सरमिसळ क्रमाने वाजविणारी ठळक कळ मागे घेतली. ही घटना लहान असली तरी बोलकी आहे. क्रम हा आता निवडावा लागतो, आणि निवडण्यासाठी तो मोलाचा आहे हे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणे हे समीक्षेचे काम आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. रात्रभराच्या गोंधळाचा आग्रह धरणारा अभ्यासक सकाळी घरी जाऊन झोपतो. गोंधळ्याला दुसऱ्या गावची वाट धरावयाची असते. परंपरेने एका समाजाकडे आलेले हे काम बिदागीवर चालते. कार्यालयाची वेळ संपण्याआधी दोन तासांत गोंधळ आटोपण्यास यजमानाने सांगितले, तर ते नाकारणे त्याला परवडत नाही. आणि त्याच्या मुलाने नोकरी पत्करली, तर तिला सांस्कृतिक ऱ्हास म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. अखंडता जपण्याची किंमत ज्याने ती आजवर विनातक्रार चुकविली त्याच्याकडूनच पुन्हा मागणे अन्यायाचे होईल. म्हणून आग्रह कलावंताकडे न धरता ऐकणाऱ्यांकडे आणि अभ्यासकांकडे धरावयास हवा.

तो आग्रह कठीण नाही. विद्यापीठाचा धाराशिव येथील उपपरिसर आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे मराठी विभाग यांनी पुरेशी बिदागी देऊन, कलावंतांच्या संमतीने आणि त्यांचा हक्क राखून, पूर्ण रात्री मुद्रित कराव्यात : गद्यासह, थट्टेसह, खोकल्यासह, आणि कोणत्या गावी कोणत्या दैवताचे नाव घेतले गेले त्याच्या नोंदीसह. अशा मुद्रणाने गोंधळ टिकेल असे नाही; यजमानाचे अंगण यंत्रात उतरत नाही. परंतु गोंधळ म्हणजे काही ठेकेदार गाण्यांचा संग्रह, एवढीच समजूत पुढच्या अभ्यासकाच्या हाती येणार नाही. आज मात्र संबळाचा ठेका सर्वत्र ऐकू येतो, आणि तो कशाचा भाग होता हे सांगणारी रात्र फार थोड्या अंगणांत उरली आहे.